मन लागत नाही, मग लावायचं कसं?

दोन वर्षांपूर्वीचा डिसेंबर. आई ठाण्याहून चार दिवस माझ्याकडे ऐरोलीला राहायला आली होती. सकाळी ओट्यावरचं भांडं उघडून म्हणाली, "दही लागलं नाही का गं?"

"लावलंच नव्हतं," मी सोफ्यावरूनच उत्तर दिलं.

"मग लागेल कसं?" म्हणत तिने दूध कोमट करायला ठेवलं. तिच्या लेखी विषय संपला. मी मात्र त्या दोन शब्दांपाशी अडकले, कारण ती आल्यापासून मी तिला दहा वेळा तरी ऐकवलं होतं, "माझं कशातच मन लागत नाही."

मराठीतली 'लागणं' आणि 'लावणं' ही जोडी फार कामाची आहे. दिवा लागतो, दिवा लावतात. सवय लागते, सवय लावतात. लागणं आपोआप झाल्यासारखं वाटतं, लावायला मात्र कुणाचा तरी हात लागतो. दह्याच्या बाबतीत हे आपण कधी विसरत नाही. मनाच्या बाबतीत रिकाम्या भांड्याकडे बघत बसतो. मन लागलं की पुस्तक उघडू, उत्साह आला की चालायला जाऊ, बरं वाटलं की मैत्रिणीला फोन करू. मानसशास्त्रज्ञांनी गेल्या पन्नासेक वर्षांत हे बरंच तपासून बघितलंय आणि निकाल आईच्या बाजूने लागलाय. आधी लावायचं, लागणं मागून येतं. मध्ये काही तास जातात, काही दिवस जातात, कधी आठवडे. सगळी अडचण त्या मधल्या वेळाची.

माझी हकीकत थोडक्यात. महाप्याच्या एका कंपनीत मी यंत्रांच्या माहितीपुस्तिका लिहायचे. जुलैत आमचा अख्खा विभाग बंद झाला. पहिला महिना सुट्टीसारखा गेला. गणपतीत लोक "सध्या काय चाललंय?" विचारायला लागले तेव्हा हसून वेळ मारून नेली. दिवाळीपर्यंत अशी गत झाली की वाळलेल्या कपड्यांचा ढीग खुर्चीवर पडायचा आणि घडी न होताच संपायचा, कारण रोज वरचा कपडा ओढून घालायचा. विजेचं बिल फोनवरून भरायला दोन मिनिटं लागतात. खात्यात पैसे होते. तरी ते मी मुदत उलटून गेल्यावर भरलं.

याला आळस म्हणू नका. आळशी माणूस लोळतो तेव्हा मजेत असतो, रविवारी श्रीखंड-पुरी चेपून पंख्याखाली पडल्यासारखा. मरगळलेला माणूसही लोळतो, पण लोळताना स्वतःला शिव्या घालत असतो. काम टाळल्याचं सुखसुद्धा त्याच्या वाट्याला येत नाही. त्यामुळे त्याला 'आळस झटक' सांगून काही होत नाही, त्याच्या शिव्यांत आणखी एकीची भर पडते. तिसरी गोष्ट नैराश्य, म्हणजे आजार. मरगळ आणि नैराश्य एकाच रस्त्यावर पुढे-मागे उभे असतात, आणि आपण नक्की कुठे आहोत हे ओळखावं लागतं. त्याकडे नंतर येते.

तोटा कशाकशाचा झाला?

अमेरिकेतल्या ओरेगॉन विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ पीटर ल्युइन्सन यांनी 1970 च्या दशकात उदासीची फार साधी मांडणी केली. आपला दिवस बारीकसारीक गोष्टींनी भरलेला असतो आणि त्यांतून आपल्या पदरात सतत काही ना काही पडत असतं. नोकरी जाते, आजारपण येतं, जवळचं माणूस दुरावतं, तेव्हा यांतल्या बऱ्याच गोष्टी एकदम बंद होतात. पदरात काही पडत नाही म्हणून माणूस हातपाय हलवणं कमी करतो, आणि हलवणं कमी केलं की पदरात आणखी कमी पडतं. हे चक्र एकदा फिरायला लागलं की त्याला बाहेरून नवं कारण लागत नाही. ल्युइन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्याने माणसाला सुखावणाऱ्या अशा 320 गोष्टींची यादीच बनवली होती.

यादीचं वाचलं तेव्हा मी माझी लिहायला बसले. आधी वाटलं, नोकरीत सुखाचं काय होतं? मग आठवत गेलं. ऐरोलीला गाडीत खिडकी मिळणं. कोपरखैरणेला उतरून शेअर रिक्षात चौथी सीट भरायची वाट बघताना होणाऱ्या गप्पा. टपरीवरचा अर्धा चहा. कुणाच्या तरी डब्यातली सुकट. आकृतीतला चुकलेला क्रमांक पकडला की दुसऱ्या मजल्यावरचा इंजिनीअर कपाळावर हात मारायचा, ते. यातल्या एकालाही मी कधी आनंद म्हटलं नव्हतं. पगार गेल्याचं सगळ्यांना दिसलं, मलासुद्धा. पगाराबरोबर या तीसेक गोष्टी गेल्या, त्यांची नोंद कुणीच घेतली नाही.

आता मेंदूकडे. डोपामिनला 'आनंदाचं रसायन' म्हणून हल्ली सगळीकडे खपवतात. मेंदूशास्त्रज्ञ वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांवर केलेल्या, विशेषतः 1990 च्या दशकातल्या प्रयोगांतून निघालेलं चित्र वेगळं आहे. माकडाला अनपेक्षितपणे फळाच्या रसाचा थेंब मिळाला की डोपामिनच्या पेशी जोरात चालायच्या. रस मिळणार हे दिव्याच्या खुणेवरून आधीच कळायला लागलं की खुणेलाच चालायच्या, रसाला नाही. आणि खूण होऊनही रस आला नाही, तर नेमक्या त्या क्षणी मंदावायच्या. म्हणजे हा आनंदवाटप करणारा दानशूर कमी आणि किराणा दुकानातला मुनीम जास्त. किती येणं होतं, किती आलं, फरक किती, एवढंच तो लिहितो. पुढच्या वेळी एखादी गोष्ट करावीशी वाटेल की नाही, यात त्याच्या वहीचा मोठा वाटा असतो. चार महिने वहीत काहीच जमा नसेल तर 'चालायला जावंसं वाटतं का?' याचं उत्तर 'नाही' असंच येणार. ते उत्तर जुन्या नोंदींवरून आलेलं असतं. नवी नोंद पडल्याशिवाय ते बदलत नाही, आणि नवी नोंद पाडायची तर न वाटता उठावं लागतं. पेच आहे खरा.

वॉशिंग्टन आणि गोवा

1996 साली वॉशिंग्टन विद्यापीठातल्या नील जेकबसन यांनी एक खोडसाळ म्हणावा असा प्रयोग केला. नैराश्यावर त्या काळी जी बोलण्याची उपचारपद्धत सर्वात गाजलेली होती, तिच्यात दोन भाग असत. रुग्णाला हळूहळू कामाला लावायचं, आणि त्याच्या डोक्यातले चुकीचे विचार त्याच्याबरोबर बसून दुरुस्त करायचे. खरं काम विचारांच्या दुरुस्तीने होतं, हा समज पक्का होता. जेकबसननी यंत्र खोलावं तसे भाग सुटे केले (माहितीपुस्तिका लिहिणाऱ्या बाईला हे आवडणारच). सुमारे दीडशे रुग्णांचे तीन गट केले. एका गटाला फक्त कामाला लावणं, दुसऱ्याला त्यात थोडी विचारांची दुरुस्ती, तिसऱ्याला पूर्ण पद्धत. नुसतं कामाला लावलेला गट बाकीच्यांच्या मागे पडला नाही.

अमेरिकेतल्या विद्यापीठात जमलं ते आपल्याकडे जमेल का? याचं उत्तर गोव्यातून आलं. डॉ. विक्रम पटेल आणि 'संगत' या संस्थेने तिथल्या 10 प्राथमिक आरोग्य केंद्रांत याच तत्त्वावर कार्यक्रम राबवला. मध्यम-तीव्र ते तीव्र नैराश्य असलेले 495 लोक त्यात होते. समुपदेशन करणारे ना डॉक्टर होते ना मानसशास्त्राचे पदवीधर. साधी, प्रशिक्षण दिलेली माणसं होती, आणि भेटी सहा ते आठ. 'लॅन्सेट'मध्ये 2017 साली निकाल छापून आले. तीन महिन्यांनी, नेहमीचे उपचार मिळालेल्यांपैकी 39 टक्के लोक आजारातून बाहेर आले होते. ज्यांना या भेटीही मिळाल्या त्यांच्यातले 64 टक्के. कोकणातल्या आरोग्य केंद्राच्या बाकावर हे होतं, तर ऐरोलीच्या सोफ्यावर व्हायला हरकत नव्हती.

फाटकाला हात लावून परत

'कामाला लावणं' म्हटलं की लोक पहाटे पाचला उठून उपवन तलावाला दहा फेऱ्या, असल्या आणाभाका घेतात. सोमवारी होतात, मंगळवारी होतात, बुधवारी पाऊस असतो. मग 'आपल्याच्याने काही होत नाही' या पुराव्यात भर.

माझं पहिलं काम होतं: चप्पल घालायची, खाली उतरायचं, सोसायटीच्या फाटकाला हात लावायचा आणि वर यायचं. बस. लाज वाटेल इतकं छोटं. वॉचमनने दोन दिवस विचारलं, "कोई आनेवाला है क्या, मॅडम?" छोटं ठेवायचं कारण मुनीमाच्या वहीत आहे: ठरवलं आणि झालं, अशी एक जमा पडली पाहिजे. मोठं ठरवून न होणं ही नुसती शून्याची नोंद नसते, ती खर्चाच्या बाजूला पडते.

वेळही बांधून घेतली. 'सकाळी जाईन' असं न म्हणता 'चहाचा कप विसळून झाला की चप्पल'. हा जर-तरचा प्रकार जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांचा. त्यांच्या एका प्रयोगात विद्यार्थ्यांना नाताळची संध्याकाळ कशी गेली याचा वृत्तांत दोन दिवसांत लिहायला सांगितला होता. कधी आणि कुठे बसून लिहिणार हे ज्यांच्याकडून आधी ठरवून घेतलं, त्यांच्यापैकी सुमारे तीन चतुर्थांश जणांनी तो लिहिला. इतरांपैकी एक तृतीयांशांनी. मरगळीत सर्वात जड जातं ते ठरवणं. ते आधीच उरकून ठेवलं की त्या क्षणी फक्त पाय उचलायचे राहतात.

तिसरी गोष्ट वही. भाजीच्या हिशोबाची दोनशे पानी, अर्धी कोरी होती. निघण्याआधी कसं वाटतंय ते दहापैकी लिहायचं, परत आल्यावर किती असेल असा अंदाज लिहायचा, आणि आल्यावर खरा आकडा. पहिल्या दिवशी 2, अंदाज 2, खरा 3. पाचव्या दिवशी फाटकाशी थांबले नाही, नाक्यावरच्या इडलीवाल्यापर्यंत गेले. पंधरवड्याने खाडीपर्यंत पोचले, जैवविविधता केंद्राच्या बाजूला. ओहोटी होती. चिखलात फ्लेमिंगो उभे होते, माना खाली, चोच उलटी करून चिखल गाळत. एक चिमुरडी बापाला सांगत होती, "बाबा, ते सगळे फोन बघतायत." त्या दिवशीचा आकडा 5 आहे. अंदाज 2 होता.

वही पुढे बघितली तेव्हा लक्षात आलं की अंदाज जवळजवळ रोज खऱ्यापेक्षा कमी होता. मरगळलेलं मन भविष्य सांगण्यात अगदी कच्चं असतं, पण बोलतं ज्योतिष्याच्या थाटात. हे मला कुणी समजावून पटलं नसतं. माझ्याच अक्षरात होतं म्हणून पटलं.

खाडे झाले. जानेवारीत एक सलग चार दिवसांचा. अशा वेळी मी परत फाटकापासून सुरुवात करायचे, खाडीपासून नाही.

उत्तर न आलेले अर्ज

नोकरीसाठी अर्ज पाठवत होते. बहुतेकांचं उत्तरच यायचं नाही. 'नाही' आलं तर निदान राग येतो. काहीच आलं नाही की हात गळून पडतात. मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर यांचे 1967 चे कुत्र्यांवरचे प्रयोग अनेकांनी ऐकलेले असतात. ज्या कुत्र्यांना काहीही केलं तरी न थांबणारे विजेचे झटके मिळाले होते, त्यांतले बरेच नंतर सुटकेची वाट असूनही पडून राहिले. आज वाचतानाही अंगावर येतो तो प्रयोग. त्यावरून म्हटलं गेलं की प्राणी हतबलता शिकतो. पण याच दोघांनी 2016 मध्ये मेंदूवरच्या नव्या संशोधनाच्या आधारे सांगितलं की आपलं उलटं झालं होतं. लांबलेल्या त्रासापुढे गप्प पडून राहणं हीच मेंदूची मूळ प्रतिक्रिया. शिकावं लागतं ते 'माझ्या हातात काहीतरी आहे' हे.

मला यातून दोन गोष्टी मिळाल्या. एक, पडून राहणं हा माझा स्वभावदोष नव्हता. दुसरी जास्त उपयोगी: दिवसात निदान एक काम असं हवं ज्याचा शेवट दुसऱ्या कुणाच्या उत्तरावर अवलंबून नाही. अर्ज पाठवणं सोडलं नाही, पण दिवसाचं यश त्यावर मोजणं सोडलं. मसाल्याच्या डब्यातल्या वाट्या घासल्या. एका जुन्या मिक्सरची माहितीपुस्तिका कुणी न सांगता मराठीत नव्याने लिहिली. ती कुणी वाचली नाही. पूर्ण मात्र झाली.

'पॉझिटिव्ह राहा'

नातेवाइकांच्या ग्रुपवर रोज सकाळी सूर्योदयाच्या चित्रावर सुविचार यायचा. पाठवणाऱ्यांची माया खोटी नव्हती. पण कॅनडातल्या जोआन वुड यांनी 2009 साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग सांगण्यासारखा आहे. 'मी प्रेम करण्याजोगी व्यक्ती आहे' असं वाक्य लोकांना स्वतःशी म्हणायला लावलं. ज्यांचं स्वतःविषयी आधीच चांगलं मत होतं त्यांना किंचित बरं वाटलं. ज्यांचं नव्हतं, म्हणजे ज्यांना हे औषध द्यायचं, त्यांना उलट वाईट वाटलं. मन लगेच उलटतपासणी घेत असावं: 'हो का? मग परवा काय झालं?'

गाब्रिएले ओटिंगेन यांनी जर्मनी आणि अमेरिकेत वर्षानुवर्षं दुसरी बाजू अभ्यासली. यशाची गोड चित्रं रंगवत बसणाऱ्यांची हालचाल बऱ्याचदा मंदावते. वजन कमी करू पाहणाऱ्या स्त्रियांमध्ये 'मला जमेल' असा भरवसा असलेल्यांचं वजन जास्त घटलं, पण बारीक झाल्याची सुखस्वप्नं पाहणाऱ्यांचं कमी. भरवसा आणि दिवास्वप्न यांत एवढा फरक आहे. ओटिंगेन यांचा तोडगा असा, की हवं ते डोळ्यांसमोर आणा, पण लगेच आपल्याच आतली मुख्य आडकाठी कोणती तेही आणा आणि तिच्यासाठी जर-तर ठरवा. माझी आडकाठी फोन होता. तो रात्री स्वयंपाकघरात, पिठाच्या डब्यावर राहायला लागला.

मग सकारात्मक म्हणजे काय? माझ्यापुरतं मी ते खऱ्या आकड्यापर्यंत खाली आणलं. 2 असेल तर 2 लिहायचं. 7 लिहून काही होत नाही, पण काल 2 होता आणि आज 3 आहे, हे नाकारायचंही नाही.

एका शत्रूविषयी मात्र सांगितलंच पाहिजे: रवंथ. गाय एकदा खाल्लेलं पुन्हा तोंडात आणून चघळते, तसं झालं-गेलं चघळणं. करणाऱ्याला वाटतं आपण विचार करतोय. सुझन नोलन-होक्सेमा यांनी स्टॅनफर्डच्या विद्यार्थ्यांची मनःस्थिती आणि चघळण्याची सवय नोंदवली होती. दोनच आठवड्यांनी, 17 ऑक्टोबर 1989 रोजी, सॅन फ्रान्सिस्को परिसरात मोठा भूकंप झाला. भूकंप सगळ्यांनीच अनुभवला, पण आठवड्यांनंतरही उदासी जास्त कुणात टिकली? ज्यांना आधीपासून रवंथाची सवय होती त्यांच्यात. विचार चाललाय की रवंथ, हे ओळखायची माझी खूण प्रश्नाच्या पहिल्या शब्दात आहे. 'माझ्याच बाबतीत असं का?' हा रवंथ. 'उद्या सकाळी कुठून सुरू?' हा विचार. 'का' आला की मी उठून भांडी विसळते. उच्च उपाय नाही, पण हात ओले असताना फोनही धरता येत नाही.

मरगळ नसेल तर

सलग दोन आठवडे, जवळजवळ रोज, बहुतेक दिवसभर मन खिन्न असेल किंवा कशातच रस उरला नसेल, आणि जोडीला झोप-भूक बिघडली असेल, अपराधी वाटत असेल, तर घरगुती प्रयोग करत बसू नका, डॉक्टरांकडे जा. थायरॉइड आणि बी-12 तपासून घ्यायला ते कदाचित सांगतील, कारण तिथल्या बिघाडानेही माणूस असाच थकतो. जगणं नकोसं वाटत असेल तर आजच बोला. 'टेली-मानस' ही केंद्र सरकारची सेवा 10 ऑक्टोबर 2022 पासून सुरू आहे. नंबर 14416, चोवीस तास, मोफत, मराठीतही बोलता येतं. ठाण्यात 1901 पासूनचं मनोरुग्णालय आहे. त्याच्या नावाने आपल्याकडे विनोद फार होतात, पण तिथे बाह्यरुग्ण विभाग असतो आणि तुमच्या-आमच्यासारखेच लोक केसपेपर काढून रांगेत बसतात. डॉ. आनंद नाडकर्णी यांनी 1990 मध्ये सुरू केलेली आयपीएच (इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ) ही मानसिक आरोग्याची संस्थाही ठाण्यातलीच. ठाणेकरांना मदतीसाठी खाडी ओलांडावी लागत नाही.

आणि घरात कुणी असं मरगळलेलं असेल तर? 'काही लागलं तर सांग' हे वाक्य टाळा. काय लागतंय हे ठरवणं हेच तर त्याला झेपत नसतं. माझ्या मैत्रिणीने हे बरोबर ओळखलं. ती वाशीहून ठाण्याला घरी जाते. एका संध्याकाळी गाडीतूनच फोन केला, "रबाळं गेलं. ऐरोलीला उतरतेय, भाजी घ्यायचीय. पिशवी घेऊन स्टेशनवर ये." कशी आहेस, बरं वाटतंय का, काही नाही. मी पिशवी घेऊन गेले. तिने मेथीच्या दोन जुड्या घेतल्या, एक माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "घरी जाऊन मला वेळ नाही, इथेच निवडून टाकू." स्टेशनबाहेरच्या कठड्यावर बसून आम्ही दोघींनी मेथी निवडली. येणारे-जाणारे बघत होते. तिच्या दोन गाड्या चुकल्या.

वहीत त्या तारखेला 'आधी 2, अंदाज 2, नंतर 5' लिहिलंय, आणि पानाला अजून मेथीचा हिरवा डाग आहे.